शिवणबाईंचं बोट

मोठ्या दवाखान्याच्या तळघरात, वरच्या सगळ्या मजल्यांचे पाइप एकत्र येऊन गुरगुरतात तिथे, एक लांबट खोली आहे. खोलीच्या एका टोकाला शिवणयंत्र, दुसऱ्या टोकाला इस्त्रीचं टेबल, आणि मधे चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे यांचे डोंगर. यंत्रावर बसतात त्या शिवणबाई. इस्त्री करतात ते कडकराव. त्यांच्या चादरीची घडी पुठ्ठ्यासारखी उभी राहते म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर कडकरावच इकडेतिकडे बघतात.

शिवणबाईंचे यजमान फार लवकर गेले. लेक लांबच्या गावी आपल्या संसारात रमलेली. कडकरावांच्या घरात दोन खुर्च्या आणि एक रेडिओ, त्यातली एक खुर्ची कित्येक वर्षं रिकामी. सकाळी दोघं तळघरात उतरायचे. शिवणबाई सुईत दोरा ओवताना देवाचं नाव घ्यायच्या, तेवढाच त्यांचा जप. पण दिवसातून तो इतक्या वेळा व्हायचा की माळेची गरज पडत नसे. कडकराव इस्त्री तापली की एक जुनी चाल गुणगुणायला लागायचे. शब्द त्यांना येत नव्हते आणि सूरही फारसा येत नव्हता.

"अहो, ती चाल कधी पुढे जाणार आहे का? वर्षानुवर्षं पहिल्याच वळणावर अडकलीय," असं शिवणबाई म्हणायच्या.

"तुमच्या यंत्राची तरी कुठे पुढे जाते? टकटकटकटक. निदान माझी गोल फिरते," असं ते उत्तर द्यायचे.

दुपारी डबा उघडताना कडकराव न चुकता म्हणायचे, "आज काही भूक नाही बुवा," आणि शिवणबाईंनी जास्तीचं आणलेलं सगळं पुसून खायचे. यापलीकडे दोघांनी एकमेकांना कधी काही सांगितलं नाही. सांगण्याची वेळच आली नाही. ती या बोटामुळे आली.

शिवणबाईंच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम होल टॉवेलचं. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या अंगावर टाकतात ते हिरवं जाड कापड, त्याच्या मधोमध गोल भोक. सगळं अंग झाकायचं, दुखऱ्या जागेपुरतं उघडं ठेवायचं. त्या गोलाची कड दुमडून शिवणं महाकठीण. कापड कुठेतरी चुणतंच. शिवणबाईंनी त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. डाव्या हाताची तर्जनी खालून त्या भोकात घालायची, बोटाच्या टोकाने कड चाचपत कापड फिरवायचं, आणि यंत्राचा पाय एकदाही न उचलता पूर्ण फेरा मारायचा. सुई बोटाच्या नखाशेजारून जायची. नजर हलली की संपलं. पण त्यांची नजर कधी हलली नव्हती.

त्या दिवशी हलली. फेरा अर्ध्यावर आला होता आणि मागचं गुणगुणणं मधेच तुटलं. तसं ते रोज थांबायचं, पण चाल पहिल्या वळणाशी आल्यावर. असं अधांतरी कधी नाही. गेल्या उन्हाळ्यात वाफेने चक्कर येऊन कडकराव टेबलाशेजारी कोसळले होते, तेव्हा ते असंच तुटलं होतं. शिवणबाईंनी मान वर केली. कडकराव चष्मा शोधत होते. चष्मा डोक्यावर होता.

आणि सुई बोटात होती.

"काय झालं? ओरडलात?" कडकरावांनी विचारलं.

"यंत्र कुरकुरलं," शिवणबाई म्हणाल्या. "चष्मा डोक्यावर आहे तुमच्या."

चाक उलटं फिरवून त्यांनी बोट सोडवलं. सुईचा मोठा तुकडा यंत्रातच राहिला होता. उरलेला त्यांनी इकडेतिकडे शोधला, सापडला नाही. बोटाला चिंधी गुंडाळली, नवी सुई लावली, आणि जप करून तो फेरा पूर्ण केला.

बोट मात्र ऐकेना. आधी लाल झालं, मग सुजलं, मग त्यात घणाचे घाव पडायला लागले. हात खाली सोडला की ठणका, वर धरला की जरा बरं. शिवणबाई डावा हात खांद्याशी उभा धरून उजव्या हाताने चादरी ओढायला लागल्या, तेव्हा कडकरावांनी इस्त्री उभी ठेवली.

"बाई, बोट दाखवा."

"चिंधी आहे. चिंधी काय बघायची?"

"चिंधीच्या आत जे काही आहे त्याला वास यायला लागलाय. वर जा. डॉक्टरांचा अख्खा कारखाना आहे वर."

"वर गेले तर विचारतील, कसं लागलं."

कडकरावांनाही नियम ठाऊक होता. यंत्रावर काम करणाऱ्या वयस्क माणसाला यंत्राची इजा झाली, तर तिची नोंद होते. नोंद झाली की वैद्यकीय मंडळ तपासणी करतं, आणि तपासणी होईपर्यंत माणसाची रवानगी दुसरीकडे. बॉयलर सांभाळणारा त्यांचा एक सोबती असाच हाताला चटका बसला म्हणून प्रामाणिकपणे वर गेला होता. त्याला मागच्या फाटकावर खुर्ची दिली, 'तात्पुरती' म्हणून. निवृत्त झाला तो त्याच खुर्चीवरून. बायकांना मात्र नव्या इमारतीत पाठवायचे. तिथे भल्यामोठ्या पिंपांतून ओल्या चादरी निघतात, त्या दिवसभर झटकायच्या आणि घड्या घालायच्या. काम तसं वाईट नाही. पण ती इमारत रस्त्यापलीकडे. आणि तिथल्या गोंगाटात कुणी गुणगुणलं तरी ऐकू येत नाही.

"घरी लागलं म्हणेन," शिवणबाई म्हणाल्या. "घरी काय, माणसाला कसंही लागतं."

"तुम्हाला खोटं बोलता येतं?" कडकरावांनी खरोखर कुतूहलाने विचारलं.

"शिकेन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, घरचे कपडे घातले, शाल डोक्यावरून घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दवाखान्याच्या पुढच्या दारातून आत शिरल्या. पुढचं दार केवढं उंच! सगळीकडे पाट्या, बाण, रांगा. हात वर धरल्यामुळे येणाराजाणारा थांबायचा. "बोला मावशी, काय विचारायचंय?" असं दोन परिचारिकांनी विचारलं. तिसरीने तर, "हो हो, तुमचाच नंबर," म्हणून भलत्याच रांगेत उभं केलं.

शेवटी केसपेपरची खिडकी आली. आतल्या कारकुनाने नाव टाइप केलं आणि भुवया वर केल्या.

"मावशी, तुम्ही तळघरातल्या ना? शिवणाच्या?"

"हो, पण आज पेशंट म्हणून आलेय. घरी लागलं."

"तुम्ही कशाही म्हणून या हो. हा कॉम्प्युटर ऐकत नाही. तुमचं नाव टाकलं की लाल चौकोन येतो. कर्मचाऱ्यांची खिडकी वेगळी."

"मग नाव नका टाकू."

"नावाशिवाय केसपेपर कुणाच्या नावे काढू? बोटाच्या?" कारकून हसला, पण त्याचं लक्ष त्या वर धरलेल्या बोटाकडे गेलं आणि त्याचं हसू मावळलं. "जा पटकन. कर्मचाऱ्यांची खिडकी, मागच्या बाजूला, औषधांच्या दुकानाला वळसा घालून."

त्या वळसा घालून गेल्या. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "सुपरवायझरचं पत्र?"

"घरी लागलंय हो. त्यात सुपरवायझरचा काय संबंध?"

"घरी लागलं असेल तर तुम्ही कर्मचारी नाही. साध्या पेशंट. पेशंटची खिडकी पुढे."

"तिथूनच आले."

"मग त्यांना सांगा, इकडून पाठवलंय."

"त्यांनीच तर इकडे पाठवलंय."

"मग तुमचं काम बरोबर चाललंय," त्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीची फळी खाली ओढली.

शिवणबाई बाकावर बसल्या. ठणका आता खांद्यापर्यंत चढला होता. देवा, मी खोटं बोलले म्हणून चालवलंय का हे, त्यांनी मनात विचारलं. पण लगेच त्यांना वाटलं, की देवाला एवढ्या खिडक्या करायला वेळ कुठला. हे माणसांचंच काम.

तेवढ्यात ओळखीचं एक चाक कुरकुरलं. कपड्यांची गाडी ढकलत कडकराव आले. गाडीवर इस्त्रीच्या चादरींची चवड, तीही बहुधा नुसती निमित्ताला, कारण वरच्या तीन चादरींखाली रिकामी टोपली दिसत होती.

"तुम्ही इथे? आणि इस्त्री?"

"बंद करून आलो."

"नक्की?"

कडकराव क्षणभर मनातल्या इस्त्रीकडे बघत राहिले. मग गाडी तिथेच सोडून जिन्याने खाली पळाले. परत आले तेव्हा धापा टाकत होते. "बंद होती," ते म्हणाले. "झालं का तुमचं?"

शिवणबाईंनी सगळं सांगितलं. कडकरावांनी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, गाडीत बसा. वरून चादर टाकतो. मागच्या लिफ्टने थेट ड्रेसिंगच्या खोलीत नेतो. तिथल्या सगळ्यांना मी ओळखतो."

"वरून चादर टाकून? म्हणजे मेलेल्या माणसाला नेतात तसं?"

"तसं कशाला? तसं नेताना मी गुणगुणत नाही."

शिवणबाईंना हसू आलं. हसताना बोट हललं आणि डोळ्यांत पाणी आलं. "मी चोर नाही कडकराव," त्या म्हणाल्या, "पुढच्या दारातून आले, पुढच्याच दारातून आत जाईन." पण आपण सकाळपासून कुणाला काय सांगत फिरतोय हे आठवून त्या बाकावरून उठल्या.

मग दोघं अपघात विभागात गेले. तिथे निदान कुणाला परत पाठवत नाहीत. टेबलावरच्या माणसाने कागद पुढे ओढला.

"कुठे लागलं?"

"घरी," शिवणबाई म्हणाल्या. हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारतानाही त्यांना त्याची सवय झाली नव्हती.

"सोबत कोण?"

"मी," कडकराव म्हणाले.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"इस्त्रीवाला."

"मी नातं विचारतोय, काका. धंदा नाही."

कडकरावांनी शिवणबाईंकडे पाहिलं. शिवणबाईंनी भिंतीवरच्या, हात कसे धुवावेत या तक्त्याकडे पाहिलं. त्या माणसाने स्वतःशीच "इतर" असं म्हणून लिहून टाकलं आणि एक्स-रेची चिठ्ठी दिली. एक्स-रेवाल्याने ती उलटसुलट केली. शिक्का नव्हता. शिक्का केसपेपरच्या खिडकीत.

"मी जातो," म्हणून कडकराव चिठ्ठी घेऊन गेले. बराच वेळ झाला. रांगेतली एक गरोदर बाई शिवणबाईंना जागा देऊ लागली, शिवणबाई तिला देऊ लागल्या, आणि मधे एक धट्टाकट्टा माणूस येऊन बसला. मग कडकराव आले, आणि त्यांच्यामागे चक्क तो केसपेपरवाला कारकून. त्याने खिशातून शिक्का काढला, फुंकर मारली आणि चिठ्ठीवर उमटवला.

"शिक्का खिडकीबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे," तो म्हणाला. "मी पाणी प्यायला बाहेर आलो. तो खिशात राहून गेला, एवढंच."

"देव तुमचं भलं करो," शिवणबाई म्हणाल्या.

"आधी बोटाचं करू दे," तो म्हणाला आणि खरोखरच पाण्याच्या नळाकडे गेला.

ड्रेसिंगच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. कडकरावांना दाराबाहेर थांबायला सांगितलं होतं. डॉक्टरणीने एक्स-रे उजेडावर धरला. बोटाच्या राखाडी सावलीत एक बारीक पांढरी रेघ आडवी पडली होती.

"ही बघा तुमची सुई. एवढे दिवस घेऊन फिरलात? टोचेल आता थोडं, बधिर करते. मग काही कळणार नाही."

ते 'थोडं' काही थोडं नव्हतं. शिवणबाईंनी डोळे मिटले आणि दोरा ओवताना घ्यायच्या ते नाव घेत राहिल्या. हळूहळू ठणका दूर गेला, जसा कुणी दार लोटून घेतल्यावर आवाज लांब जातो. डोळे उघडले तर परिचारिका त्यांच्या हातावर हिरवं कापड पसरत होती. कापडाच्या मधल्या भोकातून त्यांचं बोट वर आलं. बाकी सगळं झाकलेलं.

भोकाची कड एकसारखी होती. चूण नाही, गाठ नाही, एका फेऱ्यात पुरी झालेली. फक्त एका जागी टाका किंचित आत गेला होता आणि तिथून दोरा जरा नवा दिसत होता. शिवणबाईंनी ती जागा ओळखली. सुई बदलली होती, ती जागा. धुवून, वाफवून, कडकरावांच्या हाताची घडी होऊन ते कापड वर आलं होतं आणि आज त्यांच्याच बोटावर पडलं होतं.

आजवर त्यांनी अशी किती कापडं शिवली असतील. त्याखाली कोण झोपतं हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. पण शिवताना त्या मनातल्या मनात म्हणायच्या, देवा, या भोकातून जे दिसेल ते बरं कर. आता त्या भोकातून त्यांचंच बोट दिसत होतं, आणि ते घरी लागलेलं बोट नव्हतं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "कागदावर 'घरी' लिहिलंय ना? ते खोडा. खाली लागलं. तळघरात, यंत्रावर. मी खोटं सांगितलं."

डॉक्टरणीच्या हातातला चिमटा थांबला नाही. "का बरं?"

"खोली जाईल म्हणून."

"कुठली खोली?"

आता ते कसं सांगायचं? शिवणबाईंनी नियम सांगितला, बॉयलरवाला सांगितला, नवी इमारत सांगितली. डॉक्टरीण ऐकत होती आणि बोटात शोधत होती.

"पण इतकी वर्षं काही झालं नाही, आणि मग हे कसं? डोळ्यांना कमी दिसतंय का? खरं सांगा, ते मला लिहावं लागेल."

"डोळे उत्तम आहेत. वर पाहिलं मी."

"का?"

"गुणगुणणं थांबलं म्हणून." शिवणबाई छताकडे बघत बोलत होत्या. हात बधिर होता, त्याचा असर जिभेवर उलटा होत असावा. "ते इस्त्री करताना गुणगुणतात. मधेच थांबलं. मागे एकदा थांबलं होतं तेव्हा खाली पडले होते. म्हणून पाहिलं. ते चष्मा शोधत होते."

दाराबाहेर गाडीचं चाक एकदा कुरकुरलं.

"सापडली," डॉक्टरीण म्हणाली आणि छोट्या ताटलीत टिंग असा आवाज झाला.

टाके घालताना ती म्हणाली, "हे मी तुमच्यासारखे घालू शकणार नाही, सांभाळून घ्या." मग कागदावरचा 'घरी' खोडून तिने खरं ते लिहिलं. नोंद झाली. मंडळाकडे जाईल, असंही तिने सांगितलं, ते तिच्या हातात नव्हतं. शिवणबाईंनी मान हलवली. वाईट वाटलं, पण खोडलेल्या 'घरी'कडे बघून बरंही वाटलं. शेवटी डॉक्टरणीने खाली एक ओळ लिहिली आणि टाके घातलेल्या प्रत्येकाला सांगते तशी वाचून दाखवली. "हाताला पाणी लागू द्यायचं नाही. ओल्या कपड्याला तर अजिबात हात नाही. कोरड्या जागी बसूनच काय ते काम."

बाहेर कडकराव उभे होते. गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला.

"चष्मा मी आता दोरीने गळ्यात बांधतो," ते म्हणाले.

"बांधा."

"आणि मी मधे थांबणार नाही."

"श्वास घ्यायला थांबा," शिवणबाई म्हणाल्या. "पण सांगून थांबा."

लिफ्टमध्ये कडकरावांनी त्यांची शाल, जी केव्हाची एका खांद्यावरून घसरली होती, नीट वर ओढून दिली. घडी अर्थातच कडक बसली.

दोन दिवसांनी सुपरवायझर दोन कागद घेऊन खाली उतरला. त्याची अवस्था बिकट होती. "मावशी, या कागदाप्रमाणे तपासणी होईपर्यंत तुम्हाला नव्या इमारतीत पाठवायचंय. आणि या कागदाप्रमाणे तुम्हाला ओल्या कपड्यांजवळ फिरकू द्यायचं नाही. नव्या इमारतीत कोरडं आहे काय? फक्त साहेबांची खुर्ची. तुम्हाला ठेवू कुठे मी?"

"दवाखान्यात कोरडी जागा कुठली?" कडकरावांनी इस्त्रीवरून नजर न उचलता विचारलं. वाफ त्यांच्या चष्म्यावर चढली होती. चष्मा गळ्यातल्या दोरीला होता.

सुपरवायझरने खोलीभर पाहिलं, सुस्कारा टाकला आणि सही केली.

तेव्हापासून शिवणबाई इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसतात, हात उंच धरून, आणि उजव्या हाताने अभ्रे मोजून चवडीला लावतात. त्यांचं यंत्र झाकून ठेवलंय. मंडळाचं बोलावणं अजून आलेलं नाही. तेही कुठल्यातरी खिडकीपुढे रांगेत उभं असेल. आलं की त्या जातील, पुढच्या दारातून, आणि विचारतील ते खरं सांगतील. मग देवाच्या मनात असेल ते.

मधे एक दिवस त्या पट्टी बदलायला वर गेल्या असताना कडकरावांनी यंत्रावरचं झाकण काढलं आणि एक होल टॉवेल शिवून पाहिला. बोट भोकात घातलं नाही, तेवढी अक्कल ठेवली. शिवणबाई परत आल्या तेव्हा तो टेबलावर इस्त्री करून ठेवलेला होता.

त्यांनी तो उचलला, उलटला, परत सुलटा केला.

"गोल कुठाय?"

"हा काय."

"याला चार कोपरे आहेत, कडकराव."

"जवळून बघू नका. लांबून गोल दिसतो."

शिवणबाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि लांबून बघितलं. तिथूनही चौकोनच दिसला. त्यांनी ते कापड घेतलं, दोनदा दुमडलं आणि स्टुलाशेजारच्या फळीवर पसरलं, हात टेकायला. वर पाठवण्याच्या गठ्ठ्यात ते गेलं नाही. टेकलेल्या हाताखाली त्या वेड्यावाकड्या शिवणीची गाठ टोचत होती. त्यांनी ती उसवली नाही.

"भूक नाही बुवा आज," कडकराव म्हणाले आणि डबा उघडायला बसले.